डबा भरला की

प्रिय लेकी,

आधी बातमी सांगतो. गेल्या रविवारी तुझ्या भिंगरीने आपला पैशांचा डबा चर्चमध्ये दानाच्या थैलीत उपडा केला. सगळाच्या सगळा. नाण्यांचा खळखळाट शेवटच्या बाकापर्यंत गेला. मी पुढे डोळे मिटून गात होतो, मनात म्हटलं, आज कोण एवढा दिलदार निघाला! डोळे उघडतो तर माझीच नात, रिकामा डबा पोटाशी धरून उभी.

घाबरू नकोस, ती ठणठणीत आहे. फोनवर तू नेहमी ड्यूटीवर निघालेली असतेस आणि मी "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो, म्हणून आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून लिहायला बसलोय. तुझा बाप गिऱ्हाईक सोडून बसलाय म्हणजे गोष्ट तेवढीच महत्त्वाची असणार, एवढं समजून घे.

तो डबा तुला आठवत असेल, आपल्या सायकलच्या दुकानातला, चाकात घालायचे लोखंडी छर्रे ज्यातून यायचे तो. तू तिकडे नोकरीला गेलीस त्या आठवड्यात मी तो घासूनपुसून पाच वर्षांच्या भिंगरीच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, हा भरला की आई भेटायला येईल. तेव्हापासून पोरगी शाळा सुटली की दुकानात येते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते मला दाखवते, गंजलेल्या घंट्या पुसते. त्याचे मी तिला रोख पैसे देतो, फुकटचे लाड नाहीत. दहातलं एक नाणं देवाचं, बाकीची डब्यात. वर माझी आणि तू तिच्या खाऊसाठी पाठवतेस त्यातली भर.

तर त्या रविवारी मुलांच्या वर्गात बाईंनी गरीब विधवेची गोष्ट सांगितली होती, जिने होती ती दोन्ही नाणी देवाला दिली. मला वाटलं, पोरीने ती फारच मनावर घेतली. आता काय करायचं? देवाला दिलेलं परत मागायचं म्हणजे चारचौघांत तोंड काळं. लोक आधीच मला चिक्कू म्हणतात. तरी सोमवारी मी तिचा हात धरला आणि पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. वाटेत तिला समजावलं की त्या विधवेने स्वतःचं दिलं होतं, शेजारणीचं नाही. डब्यात तिघांचे पैसे होते, त्यातले स्वतःचे तिने खुशाल द्यावेत, पण आईचे आणि आजोबांचे त्यांना न विचारता देऊन टाकणं हे दान नव्हे. पाळकसाहेबांनी कपाळावर आठी न आणता पैसे टेबलावर ओतले. भिंगरीने आपली नाणी वेगळी काढून त्यांच्याकडे सरकवली, बाकीची डब्यात भरली. मला वाटलं, वा, काय शिकवलं मी!

हा गर्व दोन गल्ल्यासुद्धा टिकला नाही. घराजवळ आल्यावर तिने विचारलं, की हा डबा आता पुन्हा भरला तर मी तो पुन्हा बँकेत टाकून येणार का. लेकी, तो डबा याआधी दोनदा भरला होता. दोन्ही वेळा तू म्हणालीस, बाबा, या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू, आणि दोन्ही वेळा मी मुकाट्याने पैसे बँकेत भरले, अडीअडचणीला असू देत म्हणून. रिकामा डबा फळीवर परत ठेवला आणि वाटलं, लहान आहे, तिला काय कळतंय. तिला सगळं कळत होतं. म्हणून या वेळी डबा भरत आल्यावर तिने तो आजोबांच्या हाती लागू दिला नाही, परस्पर देवाकडे दिला. तो तरी शब्द पाळेल म्हणून. विधवेची गोष्ट नुसतं निमित्त झाली.

त्या रात्री मला तुझी दहा वर्षांची असतानाची सहल आठवली. वर्षभर पैसे जमवलेस आणि जायच्या आदल्या दिवशी स्वतःच म्हणालीस, बाबा, राहू देत, पैसे मोडायला नकोत. मी आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत होतो. चुकलोच मी. त्या दिवशी तुझं बखोट धरून तुला बसमध्ये बसवायला हवं होतं. मालकाचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल! तो चाकर मीच होतो. तुला पैसे राखायला शिकवलं, ते कशासाठी राखायचे हे शिकवायचं राहून गेलं.

जावयांच्या शेवटच्या आजारपणाचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली. तू ते एकटीने फेडलंस, त्याचा मला अभिमान आहे. पण आता त्या परक्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून आणखी थोडे, आणखी थोडे म्हणतेस, ते थोडे कधी पुरे होणार? भिंगरी नऊ वर्षांची झाली. तिची वेणी मी घालतो, सायकलची चेन बसवल्यासारखी, आणि ती सहन करते.

म्हणून काल मी बँकेत गेलो. दोन्ही डब्यांचे पैसे काढले, तिसऱ्याचे उरलेले त्यात घातले, कमी पडले ते माझ्या म्हातारपणाच्या पैशांतून घेतले. या पाकिटात दुसरा कागद आहे तो तुझं तिकीट, शाळेला सुटी लागते त्या दिवसाचं. तुझ्या परतीचं काढलेलं नाही. ते तू आणि भिंगरी समोरासमोर बसून ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही, कारण या खेपेला शब्द तूच द्यायचा आणि तूच पाळायचा आहेस. आणि हो, तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही. तसलं जरा स्वस्त पडलं. शिवाय तू पैसे वाया घालवणारी नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, मीच वाढवलंय तुला.

तुझाच,
बाबा