घट उठायच्या आत

१५ सप्टेंबर
पितृपंधरवडा लागायच्या आत निपाणीत घर मिळालं, आई रेणुकेची कृपा. दोन खोल्या, मागं मोरी, नळाला दिवसाआड पाणी. हे गोव्याच्या ट्रकवर, कधीमधी येणार. रोजनिशीला वेगळी वही कशाला, हिशेबाच्या वहीचीच मागली पानं घेतली. घरमालक मारुतीराव गोड बोलले. करारात एकच अट कडक, घरात धंदा करायचा नाही. मी सही केली.

२५ सप्टेंबर
रिकामे हात मला सोसत नाहीत. शेजारची दिपाली पान-तंबाखू आणून देते. दुपारी दार लावून मी विड्या वळते. अट मोडतेय खरी, पण कुणाचं काय जातंय?

३ ऑक्टोबर
घट बसवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशी जरा खोलगट आहे, पत्रावळ तिथं अगदी बेताची बसली. दिपाली घट बघायला आली. मग म्हणाली, आक्का, तितं न्हवता बसवायचा. आधीची भाडेकरू अंबुबाई, तीही विड्या वळायची. मारुतीरावांनी नोटीस दिली. बसलेला घट हलवत नाहीत, दसऱ्यापर्यंत थांबा म्हणून ती पाया पडली. मारुतीरावांनीच पाचव्या माळेला तिचा घट उचलून गटारात टाकला. तिनं त्याच कोपऱ्यात अन्नपाणी सोडलं, तिथंच गेली. दिपाली म्हणते, न उठवता फेकलेला घट बसलेलाच ऱ्हातोय.
आता माझाही बसला. हलवू कसा?

५ ऑक्टोबर
मारुतीरावांना तंबाखूचा वास लागला. नोटीस हातात दिली, परवा खोल्या रिकाम्या करा. दसऱ्यापर्यंत मुदत मागितली, तर म्हणाले, देव काय येगळा भाडेकरू हाय व्हय, तुमी गेलासा की त्योबी गेला.
आयुष्यात पहिल्यांदा देवापुढं बसून कुणाचं वाईट मागितलं. घटातलं धान दोन दिवसांत वीतभर झालंय. पांढरंफेक.

७ ऑक्टोबर
मारुतीराव आले. घटाला हात घातला. घट उचलेना, मग हात निघेना. मुळं नखांखालून आत शिरत होती— ओरडत होते, आक्का सोडव गं, वरीसभर ऱ्हा, फुकट ऱ्हा. मी माळ ओवत बसले. खोटं कशाला लिहू, गोड वाटलं.
लोकांनी ओढून काढलं. नखं मातीतच राहिली.

८ ऑक्टोबर
कोपऱ्यात बाई बसलीय. दिव्याकडं तोंड करून. बोटं विडी वळल्यागत हलतात.
म्हटलं, सूड झाला बाई, ओटी भरते, जा आता.
ती म्हणते घट तिचा. जागा तिची. मीच न विचारता येऊन बसले— मला म्हणते ऊठ.

दिपालीला हाक मारली. आवाज बाहेर जात नाही—

फरशी गार. तळव्यांना काहीतरी बारीक— आत—

ऊठ म्हणते. परत परत. बाई, जागा तुझी, घट तुझा, मला नको— पाय सुटत नाहीत गं— मला उठायचंय, मला खरंच उठाय