सोमवारी पांढरा, शनिवारी काळा

मिस्त्री, फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेल्याचं कळलं त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, म्हणजे पत्र पोचायचा काळ केव्हाच सरला. तरी चार दिवस डोळ्याला डोळा नाही, आणि ज्याच्याशी बोलावं असं दुसरं कोणी नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

झालं असं की धाकट्या शेठनी, म्हणजे आपल्या शेठच्या मुलाने, मला घरून रंगाच्या कारखान्यात बोलावून घेतलं. मी कामावरून मोकळा होऊन दोन वर्षं झाली, पण माझा मुलगा तिथेच पॅकिंगला आहे, म्हणून जाताना बोईसरच्या रिक्षात मनात त्याच्याच चुका शोधत होतो. पण धाकटे शेठ हसत होते. ‘‘काका, बसा. सोमवारी जर्मनीची पार्टी येते आहे. त्यांना मुलांचे रंग हवेत, पण पाणी न नासवता केलेले, आणि प्लास्टिक नको. पप्पा सांगतात, आपल्याकडे पूर्वी तसंच चालायचं. तुमचा फोटो बोर्डावर लावतो. ही पद्धत ज्यांनी सुरू केली ते, असं खाली लिहू. शाल-नारळ पण ठेवलाय.’’ हातातला चहा निवून गेला. मी हो म्हटलं नाही, पण नाही पण म्हटलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मी असाच आहे.

पद्धत तुमची. सोमवारी पांढरा, मग पिवळा, नारिंगी, लाल, शुक्रवारी निळा आणि शनिवारी काळा. फिक्यावरून गडदाकडे गेलं की मधे यंत्र धुवायला लागतं थोडंच, आणि त्या थोड्या पाण्यालाही प्रत्येक रंगाचं आपलं पिंप. या आठवड्याच्या पिवळ्या पाण्यात पुढच्या आठवड्याचा पिवळा घोटायचा. मी पहिल्या दिवशी बादली गटाराकडे नेली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं विचारलंत, ‘‘कुठं चाललास रं? पानी फुकट येतं म्हनून रंग बी फुकट झाला काय?’’ सगळे हसले. बाटल्या काचेच्या, शाळांकडून परत आणून उकळून घेतलेल्या. त्या खोक्यात बसवायला पेंढा, तोही मागच्या शेतवाल्या बाईकडून, पाम गावाच्या वाटेवर जिचा जमिनीचा तुकडा होता. ती भारा टाकून म्हणायची, ‘‘मिस्त्री, माझा बैल उपाशी आन तुमच्या बाटल्या गादीवर.’’ पेंढा कमी पडला की जुने कागद, वह्या, जे मिळेल ते तुम्ही फाडून बाटल्यांना गुंडाळायचात. काही फेकायचं नाही. हे मी त्या जर्मन माणसांना घडाघडा सांगू शकतो. तेवढं शिकवलंत तुम्ही.

पण तो शुक्रवार सांगू शकत नाही. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. तुम्ही आईच्या श्राद्धाला गावी केळव्याला गेलेले, यंत्र माझ्यावर सोपवून. निळा काढून झाला आणि शेठ आले, ‘‘अभी के अभी सफेद निकालो, कल माल जाना है.’’ निळ्यावर पांढरा. तुम्ही असता तर शेठना सरळ नाय म्हणाला असता. मी यंत्र पाच वेळा धुतलं. निळं पिंप काठोकाठ भरलं, पाणी ठेवायला जागा नव्हती, शेठ डोक्यावर उभे. मी पिंप कलतं केलं. गटार कुठे जातं ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी पुढे बायकोलासुद्धा सांगितलं, पण ठाऊक होतं.

तीन-चार दिवसांनी, तुम्ही परतलात त्याच दिवशी, ती बाई फाटकाशी आली, बरोबर गावातली माणसं. हातात भाताच्या रोपांची मूठ. अजून दिसते मला ती मूठ. पाती पिवळी पडलेली आणि मुळं निळी, अगदी आपल्या बाटलीतल्यासारखी निळी. ती शेठशी बोलत नाही, तुमच्याशी बोलते. ‘‘मिस्त्री, सगळ्या रोपात निळं पानी शिरलंय. आता मी शेतात काय लावू, शाई?’’ या वेळी कोणी हसत नाही. शेठ म्हणतात, ‘‘पीप का काम मिस्त्री का है, उसी से पूछो.’’ तुम्ही पिंपाकडे बघता, ते रिकामं. मग माझ्या हातांकडे. माझ्या नखांत अजून निळं होतं, मी मुठी आवळल्या. मला वाटलं आता विचाराल. तुम्ही बाईला म्हणालात, ‘‘पिंपं माजी, पानी माजं. चूक बी माजीच.’’ त्या संध्याकाळी शेठनी तुम्हाला घरी बसायला सांगितलं. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच बोललात, ‘‘हात धुऊन घे. गटारात नको, बादलीत धू.’’

तुमची जागा मला मिळाली, खोली पण. पिंपं महिनाभरात भंगारात गेली, क्रम मोडला, पेंढ्याच्या जागी थर्माकोल आलं, काचेच्या जागी प्लास्टिक. इतकी वर्षं रोजचं धुवण मी त्याच गटारात सोडलं, आता कोणी डोक्यावर उभं राहायची गरज पण नव्हती. सोडून जावं असं दर पावसाळ्यात वाटायचं. पण खोली कारखान्याची, हात रंगाचे, दुसरं येतं काय? आता तर मुलगाही त्याच दारातून आत-बाहेर करतो. मी सोमवारी खरं बोललो तर तो मंगळवारी कामावर असेल का, हाच हिशेब चार दिवस करतो आहे.

तरीही काल मुलाला सांगितलं, धाकट्या शेठना म्हण की फोटो माझा नको, मिस्त्रींचं नाव घाला. तो म्हणाला, ‘‘घालू की बाबा, पूर्ण नाव सांगा.’’  मिस्त्री, मी तुम्हाला मिस्त्रीशिवाय काही म्हटलंच नाही. हजेरीची जुनी वही शोधायला गेलो, तर ती वर्षं सगळी बाटल्यांना गुंडाळून केव्हाच गेली, तुमच्याच पद्धतीने. केळव्याला तुमच्या घरी विचारता येईल. आज सकाळी पालघरच्या स्टँडवर जाऊन केळव्याच्या दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो. नावासाठी आलो म्हटलं की का, हे सांगावं लागेल, आणि दार तुमच्या बायकोने उघडलं तर मला हात कुठे ठेवायचे कळणार नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, ते ठाऊक नाही. टाकणार नाहीच. पण सोमवारला तीनच दिवस आहेत. तुमचं नाव, वडिलांचं, आडनाव, एवढंच कळवा. लवकर कळवा.