वरातीतला बार

नेवासा, ९ मे २०२५

ती. ताईस गहिनीनाथचा शि. सा. न.

अमृतदादाच्या वरातीत आजोबांच्या बारा बोअरच्या बंदुकीचा घोडा मी दाबला, तिथंच माझं सगळं पालटलं. बँड थांबला, नवरदेवाची घोडी बुजली आणि निकितानं मोबाईल खाली करून पहिल्यांदा सरळ माझ्याकडं पाहिलं. कॉलेज सोडल्यापासून त्या नजरेची वाट बघत होतो गं! तिच्या डोळ्यांत कौतुक होतं की भीती, ते कळायच्या आत तू मला इकडं आत्याकडं पिटाळलंस.

आत्या रोज जेवायला वाढते आणि जावयासारखा बसलायस म्हणून टोचते. मोबाईल बंद, म्हणून सहादेवच्या कांद्याच्या टेम्पोतून हे पत्र. बार हवेत उडवला, कुणाला खरचटलंही नाही. एवढ्याचं पोलीस काय करणार? निकिता दिसते का? माझं नाव काढते का? तेवढं कळव.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
गहिनीनाथ

संगमनेर, १२ मे

चि. गहिनीनाथ यास ताईचे आशीर्वाद.

दिसते. पण आधी आजोबांचं ऐक. हौसेचा बार आता केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असं ठाण्यातल्या साहेबांनी वाचून दाखवलं. तुझी पोलीसभरती हुकेल म्हणून म्हातारा म्हणाला, की बार मीच काढला. हात असे थरथरतात की चहा बशीत सांडतो, आणि म्हणे बार काढला! बंदूक जप्त झाली, परवाना रद्द का करू नये म्हणून नोटीस आली. दर निवडणुकीला स्वतः ठाण्यात बंदूक जमा करून पावती जपणारा माणूस. काल रविवारी तेलाचं फडकं घेऊन रिकामी खुंटी पुसत बसला होता. गुरुवारी जबाबावर सही करणार आहे.

निकिताच्या मोबाईलात तूच दिसतोस. व्हिडिओ ती कुणाला दाखवणार नाही, पण पुसणारही नाही. बार काढलास त्याचं नाही, पळालास त्याचं तिला लागलंय.

रागावले तरी तुझीच,
संस्कृती

नेवासा, १४ मे

ती. ताईस सा. न.

वाचून आधी तुझाच राग आला. भरलं ताट सरकवलं, आत्यानं उद्धार केला. पण ती खुंटी काही डोळ्यांपुढून हलेना.

आजोबांना म्हणावं, उद्या सही करू नका. मी आजच ठाण्यात जातो. बंदूक त्यांनी दिली नव्हती, मी न विचारता काढली, हे लिहून देतो. भरती गेली तर जाऊ दे. निकिताला सांग, व्हिडिओ ठेव. आणि तिला विचार की... नको. काही विचारू नकोस. फक्त ती कशी बघते ते बघ.

माझ्या वाट्याची मायाही आजोबांवर कर.

तुझा गहिनीनाथ

ता. क. उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. आत्या मळ्यात गेलीय, बाहेर सहादेव हॉर्न वाजवतोय. पिशवी खांद्याला लावली. त्याच्याच टेम्पोतून येतो; मी ठाण्यापाशी उतरेन, पत्र तो तुला देईल. निघालो, दार ओढून घेतो.