कोनाड्यातले केस आणि लाल दिवा

सोलापूर, ता. १८ एप्रिल १९७४

ती. रामहरी दाजींना हणमंताचा साष्टांग नमस्कार. होटगीला तुमचा गुडघा कसा आहे, मीनाताईचा खोकला गेला का, म्हैस आटली की अजून देतेय, सगळं सविस्तर कळवा. इकडचं क्षेम मात्र विचारू नका. पाठीवर लिंबाच्या डहाळ्यांचे वळ आहेत आणि हे पत्र मी पालथं पडून लिहितोय. (अक्षर वाईट आलंय ते त्यामुळं. राग पुढं येतोच आहे.)

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला एक यंत्र स्वतः बनवून दाखवावं लागतं. मी हवेतला दमटपणा ओळखणारं यंत्र घेतलं. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तटातट तुटतं. मग विणकर सुताला शिव्या घालतो, मालक विणकराला घालतो, आणि हवेला कोणी काही विचारत नाही. तर माझ्या पेटीत माणसाचा लांब केस ताणून बांधायचा. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. आखडला की जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण ओढतो, आणि ट्रान्झिस्टरच्या जिवावर लाल दिवा लागतो. म्हणजे मागाच्या शेडमध्ये पाणी शिंपडा! (दिव्यावर लाल कागद चिकटवायची अक्कल माझीच. पांढरा ठेवला असता तर आज उताणा झोपलो असतो.) आमचे सर म्हणाले, परदेशी यंत्रं मिळतात की, केस कसले बांधतोस? मिळतात तर आणून द्या की! प्रयोगशाळेत डाग द्यायला कथील मिळेना आणि म्हणे परदेशी.

केस हातभर तरी हवा. माझ्या डोक्याची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. परक्या घरातल्या बाईकडं केस मागायचे तरी कुठल्या तोंडानं? आमची घरमालकीण नागम्मा घरातल्या बायकांचे विंचरताना गळालेले केस गुंडाळून परसातल्या कोनाड्यात कोंबते, आणि सुया-बिब्बेवाली आली की केसांवर सुया घेते. तिची सून महादेवी, तिचे केस गुडघ्याला लागतात. कोनाड्यातल्या गुंडाळीतून त्यातले चार मी काढून घेतले. विचारलं नाही. ही माझी चूक, ती मी कबूल करतो. दुसरी एकही करणार नाही. केस सोड्यानं धुतले, तेल घालवलं, बांधले. दिवा लागला, आणि दीड महिना तो काही विझेना. खोलीत बादल्या ओतल्या तरी ढिम्म. बटण कुठंतरी अडकत होतं, ते काही सापडेना.

मंगळवारी महादेवीला उन्हानं चक्कर आली. त्याच दुपारी नागम्मा पापडाची परात ठेवायला माझ्या खोलीत शिरली आणि बघते तर काय, पेटीत खिळ्यांना ताणलेले सुनेचे केस आणि वर लाल डोळा! अय्यय्यो करत तिनं गल्ली गोळा केली. करणी, करणी! मी घसा फोडून ट्रान्झिस्टर समजावतोय, तर म्हणे मंत्र म्हणतोय. अर्ध्या तासात शिवप्पा देवऋषी हजर. असा संताप आला दाजी, की काय सांगू! तीन वर्षं शिकलो ते याच्यापुढं मांडी घालून बसायला? त्यानं लोटाभर पाणी पेटीवर फेकलं, ओल्या डहाळीचा सणसणीत तडाखा पेटीला हाणला, आणि दिवा विझला. गल्लीनं हात जोडले. आणि मी? अडकलेलं बटण सुटलं होतं, दीड महिन्यानं यंत्र चाललं होतं! मी आनंदानं उड्या मारायला लागलो. झालं! पेटीतलं निघून माझ्यात शिरलं, असं सर्वानुमते ठरलं. पुढच्या डहाळ्या माझ्या वाट्याला आल्या.

केस मीठ-मिरच्यांसोबत चुलीत गेले. नागम्मा म्हणते, आठवड्यात खोली सोड. परीक्षक येणार पुढच्या शुक्रवारी. यंत्र चाललं नाही तर वर्ष गेलं, गिरणीत कबूल झालेली जागा गेली, आणि मी घरी मंगळवेढ्याला ज्वारीवरची पाखरं हाकायला मोकळा. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आमची गल्ली अजून डहाळीवर! त्या शिवप्पाचं तोंड मी जन्मात बघणार नाही, हे लिहून ठेवा.

आपला, सुजलेला,
हणमंत

ता. क. मीनाताईचे सहा केस ताबडतोब पाठवा. शिकेकाईनं न्हाल्यावर, तेल लावायच्या आधीचे. वहीच्या कागदात सरळ ठेवा, गुंडाळू नका. आणि तिच्या फणीतले गुपचूप काढू नका, मागून घ्या. न मागता घेतल्यावर काय होतं ते वर लिहिलंय.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात शिवप्पा दारात. चपला बाहेर काढून आला, पेटीपुढं बसला आणि म्हणाला, “पोरा, तीस वर्सं पानी मारतोय, पन गेलं का न्हाय ते लोकांस्नी दावायला माझ्याकडं काय बी न्हाय. तुझा दिवा दावतोय की.” त्याला अश्शीच एक पेटी हवी आहे. त्याबदली तो नागम्माला सांगणार, खोली आता निर्मळ आहे, पोराला राहू दे. मी त्याला हाकलायला उठलोच होतो. पण दाजी, सर म्हणाले नाहीत, गिरणीवाले म्हणाले नाहीत. तुझं यंत्र मला पाहिजे, असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. तेव्हा सहा नको, बारा पाठवा.