गेडीज शिंप्याने घेतलेलं माप

प्रिय ऊना,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, माझ्या लग्नात घालायचा नवा ट्वीडचा सूट शिवून आला का?" आणि मी कुत्री भुंकताहेत असं सांगून फोन ठेवला. कुत्री गप्प होती गं. तोंडाने सांगायची छाती होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

सूट आला होता. दरवर्षीसारखा मे महिन्यात गेडीज शिंपी बंदुकांच्या खोलीत टेप घेऊन उभा राहिला आणि इस्टेटीच्या खर्चाने सूट मिळणारे आम्ही शिकाररक्षक रांगेत. मी हात पसरले. तो म्हणाला, "फर्कर, पोट सुटलंय बरं का! लेकीच्या लग्नाचा केक आत्ताच हाणलात की काय?" सगळे हसले, मीही हसलो. कापड आपल्या इस्टेटीचं, नेहमीचंच. माळावरच्या वाळल्या हेदर झुडपांचा तपकिरी रंग आणि त्यात बारीक गंजकी रेघ. माळावर बसलं की हरणालाही माणूस दिसत नाही. तुझ्या आईला मी त्याच कपड्यांत आवडायचो.

ऑगस्टात रानकोंबड्यांची शिकार सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी तो सूट चढवून अंगणात पाहुण्यांमध्ये उभा राहिलो. नव्या मालकांचा कारभारी जवळ आला. पोरगा वाईट नाही, हलक्या आवाजातच म्हणाला, "फर्करकाका, हे कापड इस्टेटीच्या माणसांनीच घालायचं असतं. तुम्हाला का मी सांगायला हवं?" अगं, हा नियम मीच आल्यागेल्याला ऐकवायचो! हौसेने तसलाच कोट शिवून आलेल्या एका बड्या पाहुण्याला तो बदलायला लावलाय मी.

कोट आणि जाकीट कुत्र्यांच्या खोलीत काढून ठेवलं. विजार तिथे कशी काढणार? ती घरी येऊन, घडी घालून पाठवली. घोडेवाला रोरी फाटकापर्यंत सोबत आला. म्हणाला, "सोड रे फर्कर. म्हाताऱ्या कुत्र्याचा पट्टासुद्धा कुणी काढून घेत नाही." धीर द्यायलाच म्हणाला बिचारा, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण ऊना, मला माहीत होतं. मला निवृत्त केल्याचं नव्या मालकांनी वसंतातच सांगितलं होतं. घर राहील, काम नाही. गेडीजला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी मुद्दाम रांगेत जाऊन उभा राहिलो. तुझ्या सासरच्यांना तुझा बाप कामावरचा माणूस दिसावा, एवढ्यासाठी चोरासारखं माप दिलं. लाज वाटते, पोरी. फार लाज वाटते.

जुने सूटही त्याच कापडाचे, तेही आता अंगाला लावता यायचे नाहीत. उरला तो आईला पोचवताना घातलेला काळा कोट. तेव्हा चर्चमध्ये तुझा हात धरून कुणी चालायचं, ते तू ठरव. मामा रुबाबदार आहे. त्याला सांगितलंस तर मी रागावणार नाही, मागच्या बाकावर बसेन. पण खरं विचारशील तर मलाच चालायचंय.

तुझाच,
बाबा