शमीचा फोटो, आहे तसा

३ फेब्रु., सुर्ला
सकाळी शमीचे फोटो काढले. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कोवळ्या उन्हात, आईची निळी साडी नेसवून. तिला पावडर लावू दिली नाही. बहीण म्हणून सांगत नाही, काय गोड दिसते पोर! काळी, तुकतुकीत. स्टुडिओत रोज लग्नाच्या मुलींना फोटोत गोरं करते मी, पोटासाठी. घरच्या पोरीला नाही करणार.

५ फेब्रु.
मावशीने पार्से गावचं स्थळ आणलंय. फोटो बघून, "गो, असो फोटो धाडतात? जरा उजळ कर मगे." कडाकडा भांडले. शेवटी शमी म्हणाली, माझ्या मोबाईलवरून पाठवते.

८ फेब्रु.
फोटो पसंत! रविवारी बघायला येतायत. मावशीला म्हटलं, बघ, आहे तसाच गेला ना? शमी हसलीसुद्धा नाही.

१२ फेब्रु., रवि.
मेलं ते स्थळ. मुलाच्या आईने मोबाईल काढला नि शमीच्या गालाला लावून धरला. गालाला! "फोटोतली ही न्हंय." मुलगा खाली मान घालून शिरा खात होता.
मी बघितला. फोटो माझाच, चेहरा दुधासारखा. पाठवण्याआधी शमीनेच मोबाईलवर गोरा केलेला.

१३ फेब्रु.
शमीच्या उशीखाली क्रीमची ट्यूब सापडली. गोरं व्हायची. गाल सोलपटलेत, वर पावडर थापते. आईला माहीत होतं! मी ओरडले, लाज नाही वाटत?
"तू आईवर गेलीस ताई. गोरी आहेस. तुला आहे तसा फोटो परवडतो."


१६ फेब्रु.
डिचोलीच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. ट्यूब आजपासून बंद, नाहीतर कातडी कायमची जाईल. शमीने हो म्हणून मान हलवली. घरी येऊन बघते तर पार्सेहून मावशीला फोन. मुलगी वाईट नाही, थोडी उजळली तर मे महिन्यात परत बघू.
देवा, नाहीच म्हणाले असते तर बरं होतं.

१९ फेब्रु., रवि.
उठले तर शमी बाल्कांवात. निळी साडी. गाल लालभडक, ट्यूबचा वास येतोय.
"ताई, दर रविवारी एक फोटो काढ. साडी हीच, ऊन हेच. किती उजळले ते कळेल. मोबाईल खोटं दाखवतो, तुझा कॅमेरा नाही."
हात जोडले, रडले, ट्यूब मागितली. देत नाही. मी नाही काढला तर गावातल्या दुसऱ्या कुणाकडे जाईल.
कॅमेरा मांडीवर आहे. ती अजून तिथेच बसलीय, गाल उन्हाकडे करून.