सोनीची वेणी

मंगळवार, सांजंला

उद्या आमी दोघं नवरा-बायको ऊस तोडायला जाणार. लेक सोनी केजला माझ्या बहिणीकडं ऱ्हाणार, शाळा बुडू नये म्हणून. आठ वर्साची हाय. आपली वेणी आपण घालावी म्हणून कवापासून शिकवायले. एकदा बोलून गेलते, "तुला वेणी आली का मी जायला मोकळी." तवापासून तिची वेणी रोज सुटायली.

आज दारातून बघितलं, तर आरशापुढं कशी घट्ट वेणी घातलती. माझी चाहूल लागली तशी भराभरा सोडून टाकली.

"मला न्हाई येत आई. तूच घाल."

एवढं कुठून सुचलं हिला? माझ्यामागं कसं व्हईल हिचं, लई भ्या वाटायलं.  फणी घिऊन वेणी घातली.

आमाला न्यायला गाडी उद्या सकाळीच येणार हे अजून तिला सांगितलं न्हाई.